नाव नरकाचं, नाव देवाचं

अमेरिकेतल्या थंड ओढ्यांत राहणारा हेलबेंडर आणि आपल्या सह्याद्रीच्या मातीतलं देवगांडूळ. दोघंही लाजाळू, दोघंही निरुपद्रवी. एकाला माणसाने नरकाचं नाव दिलं, दुसऱ्याला देवाचं. तरी दोघांच्या नशिबी काठी आणि दगडच का आले?

कल्पना करा, तुम्ही डोंगरातल्या स्वच्छ ओढ्यात उभे आहात. पाणी बर्फासारखं गार. पायाजवळचा मोठा चपटा दगड जरा हलतो आणि त्याच्याखालून हातभर लांबीचं, चपट्या डोक्याचं, अंगावर सुरकुत्याच सुरकुत्या असलेलं काहीतरी डोकावतं. डोळे मोहरीएवढे, अंग बुळबुळीत. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत पहिल्यांदा पोचलेल्या लोकांनी हा प्राणी पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडून काही चांगलं नाव निघालं नाही.

त्यांनी त्याला म्हटलं हेलबेंडर. ‘हेल’ म्हणजे नरक. या नावाचा उगम नेमका कुठला यावर एकमत नाही, पण सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की हा प्राणी नरकातूनच वर आला असावा आणि पुन्हा तिकडेच जायला निघाला असावा, असं पाहणाऱ्यांना वाटलं.

नावं ठेवावीत तर अशी!

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यात फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. बारशाला नाव ठेवतात, शेजारणी नावं ठेवतात. हेलबेंडरच्या बाबतीत लोकांनी दोन्ही कामं एकदमच उरकली.

त्याची टोपणनावं बघा. चिखलातला सैतान. सैतानी कुत्रा. अ‍ॅलेगेनीची मगर. आणि मुलांना सगळ्यांत आवडणारं नाव म्हणजे ‘स्नॉट ऑटर’, आपल्या भाषेत शेंबडं पाणमांजर! पकडल्यावर त्याच्या अंगातून चिकट बुळबुळीत द्राव सुटतो, म्हणून हा सन्मान. आणखी एक नाव आहे ‘लसान्या लिझर्ड’. लसान्या हा इटालियन पदार्थ म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्यांचे थर. त्या पट्ट्यांच्या कडा जशा चुण्या घातल्यासारख्या दिसतात, तशीच याच्या दोन्ही कुशींची कातडी झालरीसारखी लोंबते.

शास्त्रज्ञांनी मात्र शिव्या न देता नाव ठेवलं: क्रिप्टोब्रँकस अ‍ॅलेगॅनिएन्सिस. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘लपलेल्या कल्ल्यांचा’ आणि दुसऱ्याचा ‘अ‍ॅलेगेनी डोंगरातला’. नरक नाही, सैतान नाही, फक्त शरीराची खूण आणि गावाचा पत्ता.

सैतान म्हणावा असा आहे तरी कोण?

हेलबेंडर हा सॅलामँडर आहे. सॅलामँडर म्हणजे बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी. दिसायला पालीसारखा, पण पालीच्या अंगावर खवले असतात आणि याची कातडी उघडी, ओलसर. बहुतेक सॅलामँडर बोटाएवढे असतात. हेलबेंडर मात्र ७४ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच फूट वाढतो. जगतोही चांगला २५-३० वर्षं.

त्या लोंबत्या झालरीचं गुपित आता ऐका. मोठ्या हेलबेंडरला फुप्फुसं असतात, पण श्वासासाठी तो त्यांच्यावर फारसा अवलंबून नसतो. बहुतेक सगळा प्राणवायू तो कातडीतून घेतो. कातडी जितकी जास्त, तितका श्वास जास्त. म्हणून निसर्गाने त्याला अंगापेक्षा मोठा अंगरखा शिवून दिला आहे. लोक ज्या सुरकुत्यांना हसले, त्याच त्याला जिवंत ठेवतात.

पण याच सोयीमुळे तो अडचणीतही येतो. कातडीतून श्वास घ्यायचा तर पाणी थंड, वाहतं आणि स्वच्छ हवं, कारण अशाच पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. पाणी गढूळ झालं, तापलं किंवा साचलं की त्याचा जीव गुदमरतो. त्याला दुसरीकडे पळूनही जाता येत नाही. एकच दगड, एकच घर अशी त्याची राहणी. दिवसभर दगडाखाली, रात्री बाहेर पडून खेकड्यासारखे दिसणारे क्रेफिश पकडायचे आणि परत घरी.

आणि घरात बाबा कसे आहेत? पावसाळा-उन्हाळा आपण आईच्या मायेच्या गोष्टी ऐकतो, पण इथे राखणदार वडील असतात. थंडीच्या आधी मादी दगडाखाली माळेसारखी अंडी घालते आणि निघून जाते. त्यानंतर नर त्या बिळाच्या तोंडाशी बसून राहतो, शत्रूंना हाकलतो, अंग हलवून अंड्यांवरून ताजं पाणी खेळवतो. सैतान म्हणवणारा हा प्राणी आठवडेच्या आठवडे पिल्लांसाठी दारात बसलेला असतो.

त्याचे भाऊबंद: बाळमासा आणि मिरीमासा

हेलबेंडरच्या कुळातले त्याच्याहून मोठे नातेवाईक आज फक्त चीन आणि जपानमध्ये आहेत. जपानचा महाकाय सॅलामँडर दीड मीटरपर्यंत वाढतो, चीनचा त्याहूनही मोठा.

तिथल्या लोकांनी काय नावं दिली? चीनमध्ये त्याला ‘वावायू’ म्हणतात, म्हणजे बाळमासा. त्याचा आवाज रडणाऱ्या बाळासारखा वाटतो म्हणून. जपानी नावाचा अर्थ आहे मोठा मिरीमासा. त्याच्या अंगाच्या द्रावाला जपानी मिरीसारखा वास येतो म्हणे. जपानने १९५२ मध्ये त्याला देशाचा खास नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं.

युरोपात तर याच कुळाने एका विद्वानाला चांगलंच चकवलं होतं. योहान शॉइखझर या स्विस अभ्यासकाला जर्मनीत एक जुना सांगाडा दगडात मिळाला. १७२६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा बायबलमधल्या महापुरात बुडालेला माणूस आहे! पुढे ८५ वर्षांनी, १८११ मध्ये, फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी दगड टोकरून आतले हातपाय मोकळे केले आणि दाखवून दिलं की तो माणूस नसून महाकाय सॅलामँडर आहे. त्या जुन्या चुकीची आठवण म्हणून या गटाचं नाव ‘अँड्रियस’ पडलं. अर्थ: माणसाची प्रतिमा.

प्राणी तेच. कुणाला त्यांच्यात सैतान दिसला, कुणाला बाळ, कुणाला बुडालेला माणूस. नावं प्राण्याबद्दल थोडं सांगतात आणि बघणाऱ्याबद्दल बरंच जास्त.

नावाची किंमत

हेलबेंडर विषारी आहे, चावला की माणूस दगावतो, नदीतले सगळे मासे फस्त करतो, अशा अफवा पिढ्यानपिढ्या फिरल्या. यातलं काहीच खरं नव्हतं. पण गळाला लागलेला हेलबेंडर मासेमारांनी दगडावर आपटून मारायचा, ही रीतच होऊन बसली. ज्याच्या नावातच नरक आहे, त्याला मारताना कोण दोनदा विचार करणार?

त्यात भर पडली धरणांची, जंगलतोडीमुळे ओढ्यात वाहून येणाऱ्या मातीची, प्रदूषणाची आणि उभयचरांना होणाऱ्या बुरशीच्या रोगाची. माती दगडांखालच्या फटी बुजवते, म्हणजे या प्राण्याचं घरच बुजतं. ओझार्क भागातला हेलबेंडर २०११ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पूर्वेकडच्या हेलबेंडरलाही त्या यादीत घेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला.

चांगली बातमीही २०११ चीच. त्या वर्षी सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात ओझार्क हेलबेंडरची अंडी जगात पहिल्यांदाच माणसाच्या देखरेखीखाली फुटली. तेव्हापासून तिथे वाढवलेली हजारो पिल्लं मिसूरीच्या नद्यांमध्ये सोडली गेली आहेत.

मुलांनी मोठ्यांना शिकवलं

या सगळ्या गोष्टीतला सगळ्यांत सुंदर भाग पेनसिल्व्हेनिया राज्यात घडला. तिथे नद्यांच्या स्वच्छतेसाठी काम करणाऱ्या चेसापीक बे फाउंडेशन या संस्थेचा एक विद्यार्थी गट आहे. या शाळकरी मुलांनी हेलबेंडरचा अभ्यास केला आणि ठरवलं की याला राज्याचा अधिकृत उभयचर करायचं. त्यांनी कायद्याचा मसुदा तयार करायला मदत केली, लोकप्रतिनिधींना पटवून दिलं. २३ एप्रिल २०१९ रोजी राज्यपालांनी त्यावर सही केली.

मुलांचं म्हणणं साधं होतं. ज्या ओढ्यात हेलबेंडर आहे, त्या ओढ्याचं पाणी चांगलं आहे. त्याला वाचवायचं म्हणजे आपलंच पाणी वाचवायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुलांनी त्याचं नाव बदललं नाही. ‘शेंबडं पाणमांजर’ हे नाव तर त्यांनी आनंदाने मिरवलं. नाव तेच राहिलं, फक्त लोकांची त्या प्राण्याशी ओळख झाली.

आणि आपलं देवगांडूळ?

आता घरी या. सॅलामँडर महाराष्ट्रात नाहीत. भारतात ते दार्जिलिंगसारख्या पूर्व हिमालयाच्या बाजूला आढळतात. म्हणून मराठीत सॅलामँडरला घरचं असं नावच नाही. पण त्यांचा एक चुलत नातेवाईक आपल्या सह्याद्रीत राहतो आणि त्याला सुरेख मराठी नाव आहे: देवगांडूळ.

देवगांडूळ गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. बेडूक, सॅलामँडर आणि देवगांडूळ ही उभयचरांची तीन घराणी. देवगांडुळाला पाय नाहीत. अंगावर कड्या घातल्यासारख्या वळ्या असतात, कातडी चकचकीत आणि ओली. पण आत पाठीचा कणा आहे, तोंडात बारीक दात आहेत. डोळे इतके लहान की काही जातींत ते कातडीखालीच असतात. मग वाट कशी सापडते? डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक चिमुकली सोंड असते, तिने ते वास आणि स्पर्श टिपत मातीतून पुढे सरकतं. खाणं म्हणजे गांडुळं, वाळवी, मुंग्या.

हेलबेंडरकडे बाबा राखणदार, तर इकडे आई. इक्थियोफिस नावाच्या गटातली मादी ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून बसून राहते.

पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलं की देवगांडूळ कधी कधी वर येतं. अंगणात, शेताच्या बांधावर, पायवाटेवर. आणि बघणारा ओरडतो, “साप!” पुढे काय होतं ते सांगायला नको. काठी शोधायला कुणाला वेळ लागत नाही. देवाचं नाव असूनही देवगांडूळ वाचत नाही, कारण मारणाऱ्याला ते नावच माहीत नसतं.

गावांची, माणसांची, नद्यांची नावं

शास्त्रज्ञांनी आपल्या देवगांडुळांना दिलेली नावं वाचली की सह्याद्रीचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. १९६० मध्ये एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने खंडाळ्याच्या देवगांडुळाची नोंद केली. त्याच्या गटाचं नाव इंडोटिफ्लस, म्हणजे भारतातला आंधळा. २००४ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या हुंबर्ली गावाजवळ त्याचा भाऊ सापडला आणि त्याचं नाव ठेवलं महाराष्ट्रएन्सिस, आपल्या राज्याच्या नावावरून.

आंबोलीत सापडलेल्या जातीचं नाव गेगेनिओफिस डॅनिएली. वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती जगापुढे आणली. तिच्या नावात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांची आठवण आहे. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून आलेल्या जातीला, देवगांडुळांवर आयुष्यभर काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांचं नाव मिळालं. २००७ मध्ये गोवा आणि म्हादई नदी यांची नावंही दोन जातींना लाभली. गेगेनिओफिस या शब्दाचा अर्थ तर फारच छान आहे: मातीतून जन्मलेला साप.

ईशान्य भारतात याहून एक पाऊल पुढचं काम झालं. एस. डी. बिजू आणि त्यांच्या चमूने २०१२ मध्ये देवगांडुळांचं एक पूर्ण नवं कुळ जाहीर केलं. त्याचं नाव त्यांनी ग्रीक-लॅटिनमधून शोधून आणलं नाही. स्थानिक गारो भाषेतला शब्द घेतला: चिकिला. तिथले लोकही या प्राण्याला विषारी साप समजून मारत आले होते. आता त्यांच्याच बोलीतला शब्द जगभरच्या पुस्तकांत छापला जातो.

नावातच विष

आमच्या जबलपूरच्या मराठी घरांत हिंदी शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरचेच होऊन राहतात. असाच एक शब्द म्हणजे बिसखोपरा. पावसाळ्यात कुठेतरी कुंपणाजवळ ठिपक्यांचा, जीभ बाहेर काढणारा मोठ्या सरड्यासारखा प्राणी दिसतो आणि गल्लीत आरडाओरडा होतो. चावला की पाणीसुद्धा मागायला वेळ मिळत नाही, अशी त्याची ख्याती.

खरं म्हणजे तो बहुतेक वेळा घोरपडीचं पिल्लू असतो. चावून माणसाला मारेल इतकी विषारी पाल, सरडा किंवा घोरपड भारतात एकही नाही. उलट घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांत वरचं संरक्षण दिलं आहे. पण नावातच ‘बिस’ म्हणजे विष असल्यावर कायदा कोण आठवतो? अमेरिकेतल्या हेलबेंडरची आणि आमच्या बिसखोपऱ्याची गोष्ट अशी अगदी सारखी आहे.

तळं गेलं, नाव उरलं

नावाचं आणखी एक रूप जबलपुरात रोज दिसतं. हे शहर एकेकाळी बावन्न तलावांचं म्हणून ओळखलं जाई. अधारताल, रानीताल, चेरीताल ही नावं त्याच काळातली. गोंडवानाच्या राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगलांशी लढताना धारातीर्थी पडल्या. रानीताल त्यांचा, चेरीताल त्यांच्या दासीचा आणि अधारताल त्यांचे दिवाण आधारसिंह कायस्थ यांचा, असं इथे लहानपणापासून सांगितलं जातं.

आज यातली कित्येक नावं बसच्या थांब्यांवर आणि घरांच्या पत्त्यांवर आहेत, पण तिथे पाणी नाही. तळी बुजली, वर वस्ती आली. नाव टिकलं म्हणजे वस्तूही टिकली असं नसतं, हे सांगायला याहून मोठा दाखला नको. उद्या हेलबेंडर राज्याच्या मानचिन्हात राहील आणि ओढ्यात नसेल, देवगांडूळ शब्दकोशात राहील आणि मातीत नसेल, ही भीती म्हणून खरी आहे.

देवगांडूळ दिसलं तर काय कराल?

• आधी थांबा. काठी उचलू नका, मुलांनाही दगड मारू देऊ नका.

• दुरून नीट बघा. अंगावर कड्यांसारख्या वळ्या, ओली चकचकीत कातडी आणि जवळजवळ नसलेली शेपटी दिसली तर ते देवगांडूळ असू शकतं. सापाच्या अंगावर खवले असतात आणि त्याची दुभंगलेली जीभ लपलपते. गांडुळासारखा दिसणारा वाळा हा चिमुकला बिनविषारी सापसुद्धा पावसात बाहेर येतो. त्यालाही खवले असतात.

• ओळख पटली नाही तर हात लावू नका. घरात शिरलं असेल तर जवळच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

• शक्य असेल तर फोटो काढा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. ओल्या मातीत ते काही मिनिटांत दिसेनासं होतं.

• बागेत, परसात कीटकनाशकं आणि तणनाशकं जपून वापरा. ज्यांची कातडी श्वास घेते, त्यांच्यासाठी ते थेट विष आहे.

• सहलीला गेल्यावर ओढ्यातले दगड उलटेपालटे करू नका, त्यांचे मनोरे रचू नका. अमेरिकेत हेलबेंडरसाठी हेच सांगितलं जातं. आपल्या ओढ्यांतही दगडाखाली कुणाचं ना कुणाचं घर असतंच.

आणि एक सोपं काम आजच करता येईल. रात्री जेवताना घरात विचारा, देवगांडूळ कुणाला माहीत आहे? आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावी त्याला काय म्हणत. गावागावांत वेगळा शब्द निघेल. तो लिहून ठेवा आणि मुलांना सांगा. पुढच्या पावसात अंगणात काही वळवळलं आणि घरातलं सगळ्यांत लहान पोर म्हणालं, “थांबा, मारू नका, हा साप नाही,” तर देवाचं नाव त्या जिवाला पहिल्यांदाच उपयोगी पडलं असं म्हणता येईल.